विहिरीच्या दगडात स्फटिक कुठून आले?

नाशिक, जळगाव, पुणे या जिल्ह्यांत विहिरीसाठी सुरुंग उडाला की काळ्या दगडाचे ढीग वर येतात. त्यातला एखादा धोंडा आतून पोकळ निघतो. पोकळीच्या भिंतीवर पांढऱ्या सुयांचे झुबके असतात, काचेसारखे चौकोनी मनोरे असतात, कधी फिकट गुलाबी रंगाच्या, मधोमध बांधलेल्या पेंढ्या असतात. मजूर त्या सगळ्याला मिळून गारगोटी म्हणतात. एखादा तुकडा मुले घरी नेऊन खिडकीत ठेवतात, बाकीचा खडीबरोबर रस्त्यात जातो.

खिडकीतल्या त्या तुकड्याकडे पाहून मुले एकच गोष्ट विचारतात: हे एवढे सरळ कापले कोणी? आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते, अल्लाहची कुदरत. उत्तर खरेच आहे. पण ते देऊन मुलाला गप्प बसवणे आम्हाला पटत नाही. सृष्टीकडे पाहा, विचार करा, असे ज्यांना सांगितले गेले आहे, त्यांनी 'कसे?' हा प्रश्न मध्येच सोडायचा नसतो. आणि या बाबतीत 'कसे' याचे उत्तर माणसाला बरेच सापडले आहे.

मराठीत या वस्तूला स्फटिक म्हणतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञानात 'कलम' हा शब्द भेटतो, आणि स्फटिक बनण्याच्या क्रियेला 'कलमाव'. पहिल्यांदा ऐकताना मुले हसतात. पण सुरोखाराचे लांबट, कडा असलेले, टोकदार दाणे पाहिले की बोरूची लेखणी आठवते. त्याला 'कलमी शोरा' म्हणतात ते उगीच नाही. पारदर्शक गारेला आपण बिल्लोर म्हणतो. जुन्या ग्रीकांना वाटे, की बिल्लोर म्हणजे पुन्हा कधीच वितळणार नाही इतके घट्ट गोठलेले बर्फ. त्यांचा स्फटिकासाठीचा शब्दही मुळात बर्फाचाच.

ही समजूत पुष्कळ शतके टिकली. तिला धक्का द्यायला कोनमापकापेक्षा फार मोठे उपकरण लागले नाही. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो यांनी बिल्लोरचे वेगवेगळे तुकडे मोजून पाहिले. कोणता लहान, कोणता मोठा, कोणाची एक बाजू रुंद, कोणाची अरुंद. तरी शेजारच्या दोन उभ्या पैलूंमधला कोन प्रत्येक वेळी १२० अंशच. आकार बदलतो, कोन बदलत नाही. जी गोष्ट प्रत्येक तुकड्यात सारखी आहे, तिचे कारण बाहेरच्या ठोकाठोकीत असणार नाही, ते आतच असणार.

आत काय आहे, हे स्वयंपाकघरातल्या मिठावरून सांगणे सोपे. साधे मीठ काळ्या कागदावर टाकून भिंगातून पाहा. घासून गोल झालेले दाणे सोडले तर पुष्कळ दाणे चिमुकले घन दिसतील, लुडोच्या फाशासारखे. मिठात सोडियम आणि क्लोरिन यांचे कण एकाआड एक बसलेले असतात. डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली, कुठेही जा, एक सोडियमचा, एक क्लोरिनचा. हा अंदाज फार जुना, पण तो सिद्ध झाला क्ष-किरणांनी. १९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लौए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले, तेव्हा पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रॅग पिता-पुत्रांनी अशा ठिपक्यांवरून मिठातली कणांची मांडणी उलगडली. १९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले, तेव्हा मुलगा अवघा २५ वर्षांचा होता. मिठाचा पाव मिलिमीटरहून किंचित मोठा दाणा घेतला, तर त्याच्या एका कडेवर सुमारे १० लाख कण ओळीने उभे असतात. ओळ कुठेही चुकत नाही असे नाही, पण फार क्वचित चुकते.

आता खरा प्रश्न. ही ओळ लावते कोण?

समजा, जमात उभी राहते आहे. पहिली सफ जवळजवळ भरली आहे. उशिरा आलेला माणूस काय करतो? सफेत दोन खांद्यांच्या मध्ये जागा असेल तर तिथे शिरतो. नसेल तर सफेच्या टोकाला, शेवटच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. मागे एकट्याने नवी सफ सुरू करायला तो बिचकतो. द्रावणातल्या कणाचे नेमके असेच आहे. पाण्यात भटकणारा कण स्फटिकाच्या सपाट पैलूवर येऊन टेकला, तर त्याला फक्त खालून एकच शेजारी मिळतो. पकड कमजोर, पाण्याच्या रेट्यात तो पुन्हा निघून जातो. अर्धवट भरलेल्या थराच्या कडेला तो टेकला, तर खालून एक आणि बाजूने एक असे दोन शेजारी. आणि कडेवर जिथे खाच आहे तिथे पोचला, तर तीन बाजूंनी पकड. तिथे तो राहतो. म्हणून थर कडेकडेने पुढे सरकतो, एक थर भरत आला की पैलू पुन्हा सपाट होतो. कोणी हुकूम देत नाही. जिथे शेजारी जास्त तिथे कण टिकतो, एवढ्या एका गोष्टीने रांग लागते. उपमा इथेच सोडावी लागते, कारण नमाजी माणूस विचार करून जागा घेतो, कण हजारदा येतो-जातो आणि योग्य जागी पडला तरच राहतो.

पण यात एक अडचण आहे. थर पूर्ण भरला की पुढचा थर सुरू कोण करणार? हिशेब मांडला तर दिसे, की सपाट पैलूवर नवा थर सुरू होणे इतके कठीण, की सौम्य द्रावणात स्फटिक जवळजवळ वाढूच नयेत. प्रत्यक्षात ते आरामात वाढतात. १९४९ मध्ये ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांनी याचे उत्तर सुचवले. खऱ्या स्फटिकात कुठेतरी कणांची मांडणी किंचित मुरगळलेली असते. त्या जागी थर हा थर राहत नाही, मिनाराच्या आतल्या गोल जिन्यासारखा चढत जातो. जिन्याच्या पायरीला शेवट नाही. कितीही कण येऊन बसले तरी कडा शिल्लकच. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या स्फटिकांवर अशी चक्राकार पायऱ्यांची नक्षी दिसली. म्हणजे ज्या स्फटिकात अजिबात खोट नाही, तो वाढायला सर्वांत नाखूश. आम्हाला या सगळ्या विषयातली ही गोष्ट फार आवडते.

घन का, मनोरा का, सुई का, हे अजून सांगितले नाही. इथे मुलांची बुद्धी उलटी चालते, आणि मोठ्यांचीही. आपल्याला वाटते, जी बाजू जोरात वाढते तीच मोठी होऊन दिसत असेल. घडते नेमके उलट. एक कॅरम बोर्ड कल्पनेत घ्या आणि त्याचा एक कोपरा तिरका कापून टाका. आता चारऐवजी पाच बाजू झाल्या, पाचवी तिरकी आणि आखूड. पाचही बाजूंना बाहेरून लाकडी पट्ट्या जोडत चला; पण तिरक्या बाजूला एका वेळी अनेक, बाकीच्यांना एकेक. तिरकी बाजू झपाट्याने बाहेर सरकेल, आणि सरकता सरकता दोन्हीकडच्या बाजूंच्या रेषांत चिमटत आखूड होईल. शेवटी कोपरा पुन्हा टोकदार होईल आणि ती बाजू नाहीशी होईल. स्फटिकाचेही तेच. वेगाने वाढणारा पैलू स्वतःला संपवून टाकतो. जो सर्वांत सावकाश वाढतो, तोच शेवटी डोळ्यांना दिसतो. मिठात घनाच्या सहा बाजू सर्वांत मंद, म्हणून मीठ घन. तुरटीत आठ तिरक्या बाजू मंद, म्हणून तुरटीचा स्फटिक तळाला तळ लावलेल्या दोन पिरॅमिडांसारखा.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. तुरटी, म्हणजे फिटकरी, किराणा दुकानात मिळते. काचेच्या स्वच्छ बरणीइतके पाणी चांगले गरम करा आणि तुरटीची पूड ढवळत ढवळत विरघळवा, विरघळायची थांबेपर्यंत. मोठ्यांनी जवळ असावे. वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून ताटलीत थोडे आणि उरलेले बरणीत ठेवा. गरम पाण्यात तुरटी गार पाण्यापेक्षा कितीतरी पट विरघळते, म्हणून पाणी गार होऊ लागले की जास्तीची तुरटी बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी ताटलीत बारीक दाणे दिसतील. त्यातला सर्वांत नितळ दाणा निवडून बारीक दोऱ्याला बांधा. बरणीत तोवर दाणे जमले असतील, तर पाणी पुन्हा गाळून घ्या, आणि ते पूर्ण गार झाल्यावर दाणा मध्यभागी लोंबता सोडा. वर कागद झाका, कोपऱ्यात ठेवा. मिठाने हा प्रयोग का करत नाहीत? कारण मीठ गरम आणि गार पाण्यात जवळपास सारखेच विरघळते. त्याचे पाणी उडून जाण्याची वाट पाहावी लागते.

आठवड्याने तुरटीचा एक टपोरा, आठ पैलूंचा स्फटिक हातात येईल. मग त्याचे एक टोक मुद्दाम कापून काढा आणि त्याच द्रावणात पुन्हा लोंबता सोडा. कॅरम बोर्डाचा कोपरा जसा भरला, तसे ते टोक भरून येताना दिसेल. ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरी बरणी फ्रिजमध्ये ठेवून पाहावी. तळाला पांढऱ्या साखरेसारखा दाट थर मिळेल, एकही दाणा धड नाही. कारण घाईत चुकीच्या जागी बसलेल्या कणाला उठून जायला वेळच मिळत नाही. त्याच्यावर दुसरे कण येऊन बसतात आणि चूक आत गाडली जाते.

घाईचा आणखी एक प्रकार कोकणातल्या मिठागरांत दिसतो. कडक उन्हात खाजणाच्या पाण्यावर मिठाचे पातळ दाणे तरंगतात. त्यांच्या कडा आणि कोपरे पाण्यात पुढे आलेले, म्हणून त्यांना नवे कण आधी मिळतात. पैलूच्या मध्यभागी कण पोचेपर्यंत कडा पुढे निघून गेलेल्या असतात. परिणामी घन बनण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांची पोकळ वाटी बनते. जाड्या मिठात शोधले तर असे खडे सापडतात.

पाण्यात तिसरेच काही मिसळले तर? मिठाच्या पाण्यात युरिया असेल तर मीठ घन सोडून आठ पैलूंचे रूप घेते. १८ व्या शतकातच हे लक्षात आले होते. मिठाची मांडणी तीच राहते, फक्त पाहुणा पदार्थ काही पैलूंना अडवून त्यांची वाढ मंद करतो, आणि आपण पाहिलेच की जो मंद तो टिकतो. मुतखडा हाही अशाच वाढीचा प्रकार. तो बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, आणि हे खनिज म्हणून निसर्गातही सापडते. लघवीतले सायट्रेट त्याच्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखते, आणि पाणी भरपूर प्यायल्याने द्रावण पातळ राहते. डॉक्टर पाण्याचा इतका आग्रह धरतात त्यामागे तुरटीच्या बरणीचेच शास्त्र आहे. मुतखड्याच्या रुग्णांनी रमजानपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून इफ्तार ते सहेरीपर्यंतच्या पाण्याचा हिशेब ठरवावा, हे जाता जाता सांगतो.

आता पुन्हा विहिरीकडे. ज्या काळ्या दगडात ती पोकळी सापडते, तो लाव्हारस थिजून झालेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. हा काळा दगड स्वतःही स्फटिकांचाच बनलेला आहे! लाव्हा लवकर थंड झाला, म्हणून दाणे बारीक. सगळे एकाच वेळी वाढत एकमेकांना भिडले, म्हणून कोणालाच आपला आकार घेता आला नाही. मांडणी प्रत्येकाच्या आत आहे, पण ती बाहेर दाखवायला जागा मिळाली नाही.

जागा मिळाली ती बुडबुड्यांत. लाव्हातून वायू सुटत होते. वरचा भाग थिजताना त्यांचे बुडबुडे आतच अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर फार दीर्घ काळ खडकाच्या भेगांतून गरम पाणी झिरपत राहिले. त्या पाण्याने खडकातलेच सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम विरघळवून घेतले आणि पोकळीत आणून ठेवले. पोकळीच्या भिंतीला पाठ, समोर मोकळी जागा, आणि घाई कोणालाच नाही. म्हणून स्फटिक भिंतीवरून आत, मध्याच्या दिशेने टोके करून वाढले. फिकट गुलाबी पेंढ्या दिसतात त्या स्टिल्बाइटच्या, पांढऱ्या सुया बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइटच्या, आणि काचेचे चौकोनी मनोरे अपोफिलाइटचे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट नावाचे गडद निळे खनिज सापडते. ते जगात पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये आढळले, पण त्याचे जगभर नावाजलेले नमुने वाघोलीचेच.

स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट हे सगळे झिओलाइट कुळातले. हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट यांनी दिले, अर्थ 'उकळणारा दगड'. त्यांच्या कणांची मांडणी जाळीसारखी पोकळ असते आणि त्या पोकळीत पाणी मुरलेले असते. तापवले की ते फसफसून बाहेर येते. याच जाळीचा गुण ओळखून कारखान्यात बनवलेला झिओलाइट आज कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात, म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियम तो धरून ठेवतो.

१८६३ मध्ये भोर घाटातली रेल्वे सुरू झाली. त्या घाटाच्या खोदकामात निघालेले स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. आपल्याकडे मात्र ते बहुतेक खडीच्या यंत्रात गेले, अजूनही जातात. सहलीला शिर्डी-नाशिककडे जाणाऱ्या शाळांनी वाटेत सिन्नरचे गारगोटी संग्रहालय जरूर पाहावे. तिथे आपल्याच मातीतले हे सगळे काचेच्या कपाटांत मांडून ठेवले आहे.

सवड आणि जागा दोन्ही अमर्याद मिळाली तर काय होते, याचा नमुना मेक्सिकोत आहे. चिवावा राज्यातल्या नाइका खाणीत सन २००० मध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर मजुरांना एक गुहा सापडली. आत जिप्समचे स्फटिक होते, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच जिप्सम. पण इथे एकेक खांब ११ मीटरपर्यंत लांब, घराच्या तीन मजल्यांइतका. गुहेची उष्णता सुमारे ५८ अंश आणि हवा दमट, त्यामुळे खास पोशाखाशिवाय माणूस तिथे काही मिनिटांपेक्षा जास्त टिकत नसे. शास्त्रज्ञांनी तिथल्या पाण्यात जिप्सम किती वेगाने वाढते ते मोजले, तर शंभर वर्षांत जेमतेम एका केसाच्या जाडीइतके. पाणी लाखो वर्षे एकाच उष्णतेच्या आसपास राहिले, आणि द्रावण संपृक्त होण्याच्या उंबरठ्याच्या किंचितच पलीकडे होते. त्यामुळे नवे दाणे फारसे पडले नाहीत, पडलेले थोडेच वाढत राहिले. खाणीचे पंप पाणी उपसत होते म्हणून माणसाला ती गुहा दिसली. पंप थांबले, आणि गुहा पुन्हा पाण्याखाली गेली.

आपल्या घरांत स्फटिक येतो तो बहुधा अकीकच्या रूपाने. वडिलांच्या बोटातली चांदीची अंगठी, त्यात लालसर खडा. पैलू नाही, कोपरा नाही, मग हा स्फटिक कसा? अकीक हाही बिल्लोरचाच भाऊ, पण त्याचे धागे इतके बारीक की नुसत्या डोळ्याला दिसतच नाहीत. लाव्हाच्या पोकळीत सिलिका थराथराने जमली, म्हणून कापल्यावर पट्टे दिसतात. लाल रंग लोहाचा. आपल्याकडच्या अकीकचे मोठे केंद्र गुजरातेत आहे. दख्खनच्या लाव्हातून सुटून वाहत आलेले गोटे राजपिपळ्याजवळ रतनपूरला जमिनीतून काढतात आणि खंभातला नेऊन घडवतात. गोटे मडक्यात भाजले की तपकिरी रंग उजळून लाल होतो. हडप्पाच्या काळापासून ही कारागिरी चालत आली आहे. रतनपूरच्या टेकडीवर सिद्दी बुजुर्ग बाबा घोर यांचा दर्गा आहे, आणि अकीकच्या धंद्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

अकीक, फिरोजा, याकूत यांच्याभोवती बाजाराने बऱ्याच गोष्टी गुंडाळल्या आहेत. अमुक खडा घातला की रोजी वाढते, तमुक खड्याने नजर लागत नाही. अलीकडे 'हीलिंग क्रिस्टल' नावाने हेच शहरी वेष्टनात विकतात, आणि खडा जितका महाग तितका गुण जास्त. हजरे अस्वदला चुंबन देतानाही हा दगड आहे, याची आठवण हजरत उमर (रजि.) यांनी करून दिली होती. मग दुकानातल्या खड्याची काय कथा? अंगठी शोभेसाठी किंवा सुन्नतच्या भावनेने घालणे वेगळे; नफा-नुकसान खड्याच्या हाती देणे वेगळे.

आपल्या परंपरेत याचा सर्वांत सुंदर नमुना अल-बिरुनींचा आहे. ९७३ मध्ये ख्वारिझममध्ये जन्मलेले हे विद्वान हिंदुस्थानावरच्या ग्रंथामुळे आपल्याला माहीत असतात; रत्नांवरचा त्यांचा 'किताब अल-जमाहिर' कमी लोकांना ठाऊक असतो. त्या काळी समजूत होती, की पाचू दिसला की सापाचे डोळे फुटतात. बिरुनींनी खरोखर सापाला पाचूची माळ घातली, समोर पाचू ठेवले, आणि कित्येक महिने, थंडीत आणि उन्हाळ्यात, हे करून पाहिले. सापाला काही झाले नाही. रत्न खरे की काच, हे ओळखायला त्यांनी एक भांडेही बनवले होते. त्यात खडा टाकला की चोचीतून जेवढे पाणी बाहेर पडेल ते तोलायचे आणि खड्याच्या वजनाशी ताडायचे. कणांची मांडणी ठरलेली, म्हणून प्रत्येक खनिजाचे हे प्रमाणही ठरलेले. त्यांचे आकडे आजच्या मोजमापाच्या जवळचे आहेत.

रेतीतली सिलिका वितळवून झटकन थंड केली की काच होते, कारण कणांना रांगेत बसायला सवड मिळत नाही. अकीक आणि बिल्लोर म्हणजे तीच सिलिका, पण रांगेत. या फरकाची किंमत खंभातच्या कारागिरांनी मोजली आहे. रांगेत बसलेल्या, म्हणजे स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ श्वासातून आत गेली, की ती काचेच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक ठरते. फुफ्फुसात व्रण पडून तिथली जागा घट्ट होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान भरून येत नाही, आणि रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांची तपासणी करून हा रोग नोंदवला आहे. हे काम बहुतांशी घराघरांत, ओसरीवर चालते. चाकापुढे एकजण बसतो, धूळ घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जाते. चाकाजवळ धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, किंवा दगड पाण्याच्या धारेखाली घासला, तर धूळ पुष्कळ कमी होते. पण खड्याला मिळणाऱ्या मजुरीत हा खर्च घरच्या कारागिराला परवडत नाही. अंगठी घेताना दुकानदाराला आपण खडा असली आहे का, हे विचारतो. तो कुठे आणि कसा घासला गेला, हेही विचारता येते.